काडतूस मिळेल तीच बंदूक

शस्त्र अधिनियम, १९५९ या कायद्याच्या १३ व्या कलमात एक जागा अशी आहे, जिथे सरकार शेतकऱ्याच्या हातात कोणती बंदूक द्यायची हे जवळजवळ बोट दाखवून सांगतं. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी बंदूक हवी असेल तर ती गुळगुळीत नळीची असावी आणि नळी वीस इंचांहून आखूड नसावी. पीक राखायला हवी असेल तर ठासणीची. ठासणीच्या बंदुकीनं काम भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच त्या कामासाठी दुसरी गुळगुळीत नळीची. रायफल, म्हणजे जिच्या नळीच्या आत पीळदार खाचा असतात आणि जिची गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते ती, या यादीत नाही. या कामांसाठी ती हवी असेल तर सबळ कारण दाखवावं लागतं, आणि कारण सबळ आहे की नाही हे अर्ज करणारा ठरवत नाही.

एखादी विशिष्ट कारखानी बंदूक शिकाऱ्यांच्या आणि नेमबाजांच्या पसंतीला का उतरते, याचं उत्तर सहसा बंदुकीतच शोधलं जातं. नेम किती अचूक, चाप किती हलका, दस्ता खांद्याला कसा बसतो, वजन किती, लाकूड कोणतं. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण या प्रश्नाचा मागोवा घेताना माझं मत असं झालं आहे की त्या शेवटी येतात. आधी कायदा कोणती बंदूक घेऊ देतो ते ठरतं. मग जवळच्या दुकानात कोणतं काडतूस मिळतं, समोरचं रान कसलं आहे आणि बिघडल्यावर दुरुस्त कोण करून देतो. या चार गाळण्यांतून जे खाली उरतं, त्यातून माणूस आपली आवडती बंदूक निवडतो. रायगडचा किनारा हे फार उघडपणे दाखवतो, कारण इथे निवडीला वावच थोडा होता.

अलिबागपासून खाली चौल, रेवदंडा, काशीद, मुरूड आणि खाडीपलीकडे दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यात जमिनीची रचना साधारण सारखीच आहे. आधी पुळण, मग नारळी-पोफळीच्या वाड्या, मग भाताची खाचरं, आणि लगेच डोंगर. डोंगरावर ऐन, किंजळ, अंजनी आणि खाली करवंदीच्या दाट जाळ्या. रानडुकरं दिवसा या जाळ्यांत असतात आणि भाताचा दाणा भरायला लागला की रात्री खाचरात उतरतात. खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त. भात निघाल्यावर वालाची पाळी. वाड्यांमध्ये माकडं आणि वानरं शहाळी पाडतात. राखण करणारा माळ्यावर बसतो, डबा वाजवतो, फटाके लावतो आणि विजेरीच्या उजेडात त्याला सावज दिसतं ते वीस-तीस पावलांवर. तेही क्षणभर. त्याच्यापुढे जाळी, जाळीपलीकडे दुसऱ्याची वाडी, तिच्यापलीकडे रस्ता किंवा खाडी.

अशा जागी रायफलची खासियत उपयोगाला येत नाही, आणि तिचा धोका मात्र पुरेपूर राहतो. रायफलची गोळी नेम चुकला तर किलोमीटरभर आणि त्याहून पुढेही जाते. छऱ्यांचा जोर पन्नासेक पावलांनंतर उतरत जातो. कायद्यानं गुळगुळीत नळी पुढे केली ती कोकणची खाचरं बघून केली नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून इंग्रजांना धास्ती होती ती हिंदी माणसाच्या हातात लष्कराच्या तोडीचं हत्यार जाण्याची, आणि स्वतंत्र भारताच्या कायद्यानं त्या सावधगिरीचा मोठा भाग तसाच पुढे चालवला. पण धास्तीपोटी झालेली निवड या किनाऱ्याच्या जमिनीला बरी लागू पडली, हे मान्य करायला हवं.

ठासणीच्या बंदुकीबद्दल मात्र मी तसं म्हणणार नाही. ही बंदूक भरायची कशी ते एकदा नीट पाहावं. नळीच्या तोंडातून मापानं दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, तो गजानं ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. मग खाली घोड्याजवळच्या बोंडीवर तांब्याची केप बसवायची. एवढं करून एक बार. अंधारात, पावसाची भुरभुर चालू असताना, समोर कळप असताना दुसरा बार भरणं जवळपास अशक्य. त्यात रायगडचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. दारू सर्दावते, केप फुसका आवाज करून विझते, आणि बार झालाच तर नळीत उरलेली राख हवेतलं पाणी ओढून लोखंड खायला लागते. जखमी डुक्कर जाळीत शिरतं आणि सकाळी त्याच्या मागावर जाणाऱ्या माणसावर उलटतं. पीक राखायला कायद्यानं दिलेलं हे पहिलं हत्यार माणसाला पुरेसं नाही आणि जनावरालाही क्रूर आहे.

तरीही ती टिकली. काडतूस लागत नाही, हे पहिलं कारण. यंत्र इतकं साधं की हाताला कसब असलेल्या कारागिराला तिचा घोडा आणि कमान समजते, हे दुसरं. आणि परवाना मिळण्याची शक्यता तिच्याच बाबतीत जास्त, हे सगळ्यांत मोठं. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडव समाजाला इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे आणि त्यांच्या सणासमारंभांत बंदुकीला मान आहे. तसली परंपरा कोकणात नाही. इथली बंदूक पिकासाठी आली आणि पिकापुरतीच राहिली.

तिच्या वरची पायरी म्हणजे बारा बोअर. शिशाच्या एका पौंडात नळीच्या मापाचे बारा गोळे बसतात म्हणून ती बारा बोअर. नळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. जगात सगळीकडे या मापाची चलती आहे आणि त्यामागे एक ठोस कारण आहे. बंदूक तीच ठेवून काडतूस बदललं की तिचं काम बदलतं. बारीक छऱ्यांचं काडतूस पाखरांसाठी, एसजी किंवा एलजीचे टपोरे छर्रे डुकरासाठी, आणि एकच मोठी गोळी हवी असेल तर तेही काडतूस मिळतं. दुनळीला चाप दोन असतात. त्यामुळे एका नळीत एक आणि दुसऱ्या नळीत दुसरं काडतूस घालून ऐनवेळी बोटानं निवड करता येते. एवढी मोकळीक देणारं दुसरं हत्यार सामान्य माणसाला मिळणार नव्हतं.

आणि काडतूस जवळ बनत होतं. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तिथलं 'शक्तिमान एक्सप्रेस' हे बारा बोअरचं काडतूस महाराष्ट्रातल्या परवानाधारकांना पाठ असलेलं नाव. बंदुकीची निवड करताना लोक बंदुकीच्या नावापेक्षा या नावाचा विचार आधी करत आले, आणि ते बरोबरच होतं. वर्षाला किती काडतुसं मिळणार हे परवान्यावर लिहिलेलं असतं. ती ठरलेली संख्या ज्या मापात हमखास हाती पडते, ते माप चांगलं.

बारा बोअरमध्ये नावांचीही एक श्रेणी होती. वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर अशा बर्मिंगहॅमच्या दुनळ्या वडिलोपार्जित म्हणून जपल्या जातात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करणं बंद झालं, आणि देशात आधीपासून असलेल्या विलायती बंदुकांचे भाव चढत गेले. म्हणजे एखादी वेब्ली हवीहवीशी वाटते यात तिच्या घडणीचा वाटा आहे, तसाच दुसरी येणार नाही या जाणिवेचाही आहे. या दोहोंत फरक करता आला नाही तर लोकप्रियतेचा सगळा हिशेब चुकतो.

आता रायफलकडे येऊ, कारण या विषयातला सगळ्यांत बोलका दाखला तिथे आहे. भारतात सामान्य माणसाला मिळू शकणारी कारखानी शिकारी रायफल म्हणजे प्रामुख्यानं ईशापूरची .३१५. लोक तिला 'थ्री-फिफ्टीन' म्हणतात. ईशापूर हुगळीच्या काठी, कोलकात्याच्या उत्तरेला. तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तोफांच्या दारूचा कारखाना होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या जागेवर रायफलचा कारखाना उभा राहिला आणि दोन महायुद्धांत तिथून .३०३ बोअरच्या ली-एनफिल्ड रायफली लष्कराला गेल्या. हीच ती 'थ्री नॉट थ्री'. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात पोलिसांच्या हातात होती ती हीच.

.३०३ हे माप लष्कराचं, म्हणून खासगी माणसाला मनाई. इंग्रज सरकारचा हेतू सरळ होता: पलटणीच्या कोठारातून चोरलेलं काडतूस बाहेरच्या कुठल्याही रायफलीत बसता कामा नये. याच धोरणात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० मापाच्या काडतुसांनाही हिंदुस्थानात बंदी आली, आणि लंडनच्या बंदूकवाल्यांनी घाईघाईनं .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारची मापं काढली. वाघ-गव्यांच्या शिकारीसाठी आजही नावाजलेलं .४७० हे माप जन्मलं ते असं. कोणाला ते हवं होतं म्हणून नव्हे, पहिलं हातातून गेलं म्हणून.

लहान रायफलीतही तेच झालं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं ८ मिलिमीटरचं मानलिखर काडतूस १८८८ च्या सुमाराचं, म्हणजे .३०३ चं समवयस्क. दोघांच्या बुडाला बाहेर आलेली कडा आहे, आणि ती कडा जवळपास एकाच मापाची. त्यामुळे ली-एनफिल्डचा सांगाडा, तिचा खटका, तिची मॅगझिन फार न बदलता हे परकं काडतूस त्यात चालवता येतं. नळी तेवढी नव्या मापाची. आठ मिलिमीटरला इंचाच्या हिशेबात मांडलं की .३१५ येतात. बीएसए आणि वेस्टली रिचर्ड्स या इंग्लिश कंपन्यांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी अशा रायफली स्वातंत्र्याआधीच बनवल्या. पुढे ईशापूरनं तीच वाट धरली. कारखान्यात यंत्रं ली-एनफिल्डची, कारागिरांचे हात ली-एनफिल्डवर बसलेले, कायदा .३०३ ला नाही म्हणतो. तेव्हा शिकारी रायफल .३१५ चीच निघणार होती. ज्या साम्राज्याच्या फौजेसाठी ते काडतूस बनलं ते १९१८ साली संपलं, आणि काडतूस मात्र आपल्याकडे जिवंत राहिलं.

हातात घेऊन पाहिलं तर हे काडतूस भारदस्त आहे. गोळी सुमारे १५.८ ग्रॅमची, मऊ शिशाच्या टोकाची. .३०३ ची लष्करी गोळी ११.३ ग्रॅमची आणि बरीच वेगवान. .३१५ जड आणि धीमी. लांबवर तिचा मार्ग खाली वाकतो, पण शंभर पावलांच्या आत डुकरासारख्या जाड कातड्याच्या जनावराला ती जागेवर बसवते. म्हणजे दूरच्या माळावर हरणं टिपायला ती सामान्य, आणि झाडीतल्या शिकारीला चांगली. ही गुणवत्ता आहे, पण तिच्यामुळे कोणी ती निवडली असं झालेलं नाही. निवडल्यानंतर लोकांना ती आवडली.

या रायफलच्या तक्रारीही जुन्या आहेत. दस्त्याचं लाकूड सगळ्या नगांत सारखं उतरत नाही, मक्षी आणि मागची खाच ओबडधोबड, खटका सुरुवातीला घट्ट. जाणकार नवी रायफल घेताना चार-पाच नग खांद्याला लावून, खटका मागेपुढे करून मगच एक उचलतात. तरीही तिला मागणी राहिली, कारण काडतूस आपल्याच आयुध कारखान्यांत बनत होतं, सुटे भाग ली-एनफिल्डच्या घराण्यातले असल्यानं जुन्या कारागिरांना ओळखीचे होते, आणि पर्याय जवळपास नव्हता. या मापाची पकड किती घट्ट आहे हे एका वाईट गोष्टीवरूनही कळतं. उत्तर भारतात पोलिसांनी पकडलेले गावठी कट्टे पुष्कळदा .३१५ किंवा बारा बोअरचे असतात. बेकायदा हत्यार बनवणाराही बाजारात काडतूस कोणतं हाती लागेल ते पाहूनच नळी बनवतो.

लष्करी हाताची सवय हेही एक कारण, आणि रायगडच्या बाबतीत ते दुर्लक्षून चालणार नाही. महाड-पोलादपूर भागातून पलटणीत भरती होण्याची परंपरा जुनी आहे. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे हे गाव तर नावातच ती मिरवतं. ज्या माणसानं ऐन उमेदीची वर्षं ली-एनफिल्डचा खटका वर-मागे-पुढे-खाली केला, त्याच्या हातात .३१५ दिली की तिला नव्यानं शिकावं लागत नाही. अंधारातसुद्धा हात आपसूक चालतो. रायफलची लोकप्रियता पसरते ती अशा माणसांच्या बोलण्यातून. गावात बंदूक समजणारा निवृत्त सुभेदार जे नाव घेतो, ते जाहिरातीत छापलेल्या दहा नावांपेक्षा वजनदार ठरतं.

अमेरिकेतही हेच घडलं होतं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना खटक्याच्या रायफलची सवय लागली होती, आणि १९०६ सालचं लष्करी .३०-०६ हे काडतूस मुबलक होतं. तिथे लष्करी काडतुसाला मनाई नसल्यानं ते थेट शिकारीचं आवडतं काडतूस झालं. इंग्रजांनी आपल्याकडे जे दार लावलं ते तिथे उघडं होतं, आणि दोन देशांच्या शिकारी रायफलींचा पुढचा इतिहास त्या एका फरकानं वेगळा झाला. त्याआधी विंचेस्टरची १८९४ ची रायफल पूर्वेकडच्या दाट जंगलांत घरोघरी पोचली होती. सत्तर लाखांहून अधिक नग खपले. तिचा नेम फार अचूक नव्हता. पण ती हलकी होती, चपटी होती, घोड्याच्या खोगिराला लटकवता येत होती, आणि तिचं .३०-३० काडतूस किराणा मालाच्या दुकानात मिळत होतं. झाडीतल्या साठ-सत्तर पावलांवरच्या हरणाला त्यापलीकडे काही लागत नव्हतं.

दर्जा घसरला की लोक किती चटकन ओळखतात याचंही उदाहरण विंचेस्टरचंच. त्यांची मॉडेल ७० ही १९३६ ची रायफल माउझरच्या १८९८ च्या रचनेवर आधारलेली. मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाला तिचा लांब पोलादी पंजा लगेच धरतो, त्यामुळे रायफल कशीही तिरकी असली तरी काडतूस अडकत नाही. १९६४ मध्ये खर्च वाचवायला कंपनीनं तो पंजा काढला, लाकडावरची नक्षी यंत्रानं दाबून उठवली. तेव्हापासून '६४ च्या आधीची' असा एक वेगळा वर्गच बाजारात झाला आणि जुन्या रायफली नव्यांपेक्षा महाग विकल्या जाऊ लागल्या. १९९० च्या दशकात कंपनीला तो पंजा परत आणावा लागला. मात्र तोवर रेमिंग्टनची ७०० ही रायफल, १९६२ ची, तसला पंजा नसताना मॉडेल ७० च्या पुढे निघून गेली होती. तिचा सांगाडा गोल सळईतून कातता येत असल्यानं ती स्वस्त पडत होती, नेम चांगला होता, आणि अमेरिकी मरीन सैनिकांनी १९६० च्या दशकात तिच्यावर बेतलेली नेमबाजाची रायफल घेतल्यावर तिला पलटणीचा शिक्काही मिळाला. जाणकारांची पसंती आणि खपाची पसंती या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे या जोडीवरून नीट दिसतं.

जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी हे तिसऱ्या प्रकारचं उदाहरण. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली त्यांना ती भेट मिळाली. मुळात ती ७ मिलिमीटरची माउझर, लंडनच्या रिग्बीनं सजवलेली. कॉर्बेट यांच्या पुस्तकांनी त्या मापाला जे वलय दिलं ते कुठल्याही कारखान्याला पैशानं घेता आलं नसतं. मराठी वाचकांच्या कितीतरी पिढ्यांनी रायफल प्रत्यक्ष पाहण्याआधी कॉर्बेट यांच्या पानांत पाहिली.

किनाऱ्यावर परत येऊ, कारण इथे आणखी एक कसोटी आहे आणि ती देशावरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. खारा वारा. मुरूड-श्रीवर्धनला घराच्या खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत फुगतात, तिथे पोलादी नळीचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. दरवर्षी मृगाआधी बंदूक उघडून, नळीतून तेलाचा बोळा फिरवून, घोड्याच्या सांध्यांत तेल सोडून ती कोरड्या जागी उभी ठेवावी लागते. निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका जमा करण्याचे आदेश निघतात, आणि जमा केलेली बंदूक महिना-दोन महिन्यांनी घरी आणली की पहिलं काम गंज खरवडण्याचं. अलास्काच्या ओल्या किनाऱ्यावर याच त्रासामुळे स्टेनलेस पोलादाच्या आणि प्लास्टिकच्या दस्त्याच्या रायफलींनी अक्रोडाच्या सुंदर दस्त्यांना मागे सारलं. त्या इथेही सर्वांत सोयीच्या ठरल्या असत्या. पण गरज असून उपयोग नाही. त्या परवान्यात, दुकानात आणि खिशात बसत नाहीत.

याच जिल्ह्यात निवड खरोखर मोकळी असलेली एक जागा आहे. पनवेल. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत १० मीटर एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि त्याच वर्षी अथेन्सच्या ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठली. पुढे त्यांनी पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला. तिथल्या मुलामुलींच्या हातातल्या रायफलींनी कोणाला मारायचं नाही, आणि नामांकित नेमबाजांना आयातीची मुभाही आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर; खेळाडूला सामान्य परवानाधारकाहून वेगळी वाट मिळाली ती या संघटनेच्या कामामुळे.

इथे तरी गुणवत्ता एकटी ठरवते का? पुष्कळ अंशी, हो. दहा मीटरवरचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि आता गुण दशांशात मोजतात. तिथे खोटं चालत नाही. पण जगातल्या वरच्या नेमबाजांच्या हातात वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ आणि अनशुट्झ हीच नावं फिरून फिरून येतात, आणि तिन्ही दक्षिण जर्मनीची. वॉल्थर आणि अनशुट्झ उल्म शहरातल्या, फाइनवेर्कबाऊ ओबेर्नडॉर्फची, जिथे माउझरचा कारखाना होता. युद्धानंतर माउझरच्याच अभियंत्यांनी तो नवा कारखाना उभा केला. हे घडीव कसब दोन-तीन पिढ्यांचं आहे. त्यावर मग पनवेलचं गणित बसतं. काही लाखांची रायफल घेताना पालक विचारतात ते प्रशिक्षकाला. प्रशिक्षक सांगतात ते मॉडेल, ज्याचा गाल-टेकू आणि बट त्यांना स्वतःला जुळवून देता येतो, ज्याचे वायसर आणि स्प्रिंग क्लबात कोणाकडे तरी असतात, आणि जे मुलानं खेळ सोडला तर दुसऱ्या दिवशी विकलं जाईल. एका क्लबात एकाच नावाच्या रायफली दिसण्याचं कारण बहुतेकदा हे असतं.

खेळाची आणि शिकारीची बंदूक यांच्यातली सीमा रायगडच्या किनाऱ्यानं एका माणसाच्या आयुष्यात ओलांडलेली पाहिली आहे. लहानपणी सलीम अलींनी खेळण्यातल्या एअरगननं एक पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली. ती ओळखायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. १९३० मध्ये ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. एकच नर अनेक घरटी विणून अनेक माद्यांशी जोडी जमवतो हे त्यांनी नोंदवलं, बंदूक न उचलता, तासन् तास बसून. थोड्या दक्षिणेला फणसाडचं रान जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांनी शिकारीसाठी राखलेलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. १९८६ मध्ये त्याच रानाचं अभयारण्य झालं. तिथल्या 'गाण' म्हणवल्या जाणाऱ्या पाणवठ्यांवर आता मचाणावर बसतात ते प्राणिगणना करणारे. मधल्या काळात १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी कायदा शिकारीला परवाना मागत होता, १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव कायद्यानं हौसेची शिकार आवळत आणली, आणि १९९१ च्या दुरुस्तीनं ती संपवली. त्यानंतर 'लोकप्रिय शिकारी रायफल' हे शब्द आपल्याकडे फक्त दोन गोष्टींपुरते उरले: घरातलं जुनं हत्यार, आणि पिकाची राखण.

ही दुसरी गोष्ट मला जिव्हाळ्याची वाटते, कारण तिथे आजही चूक चालू आहे. रानडुक्कर संरक्षित प्राणी आहे. पिकाला धोका ठरलेल्या जनावराला मारायची परवानगी १९७२ च्या त्या कायद्याच्या ११ व्या कलमाखाली वनखातं देऊ शकतं. पण परवानगीचा कागद हाती आला तरी ज्याच्या हातात बंदूक आहे तो बहुधा ठासणीवाला. त्याला सराव नाही, कारण सरावाला जागा नाही आणि दारू-केप मोजून मिळते. ज्याच्याकडे तेवढंही नाही, तो तारेची फासकी लावतो किंवा आमिषात स्फोटक भरून ठेवतो. फासकीत बिबट्या सापडतो. स्फोटकानं जबडा फाटलेलं डुक्कर दोन दिवस डोंगरात कण्हत फिरतं. कुत्रा, गाय, कधी माणूसही त्याच्या वाटेला येतो. शेतकऱ्याचं पीक जातं, जनावराचे हाल होतात, आणि कायदा मात्र आपण काटेकोर आहोत या समजुतीत राहतो.

माझ्या मते पीकसंरक्षणाच्या बाबतीत ठासणीची बंदूक कागदावरून मागे घ्यावी आणि बारा बोअर हीच पहिली पायरी करावी. कलमातल्या परंतुकात तशी जागा आधीच आहे, तिचा वापर सढळ व्हायला हवा. त्याबरोबर अट सरावाची असावी: तालुक्याला वर्षातून काही दिवस चांदमारी, मोजकी काडतुसं, आणि पंचवीस पावलांवरून टपोरे छर्रे कुठे बसतात ते प्रत्येक परवानाधारकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. आणि जिथे कळप मोठे आहेत, तिथे माणसं-घरं यांचा अंदाज घेऊन, डोंगराच्या बाजूला नळी ठेवून मारू शकणारे शिकवलेले नेमबाज वनखात्यानं पाठवावेत, .३१५ सह. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. ईशापूर कानपूरच्या कंपनीत गेलं, खडकी आणि वरणगावचे दारूगोळा कारखाने पुण्याच्या म्युनिशन्स इंडियात. बंदूक एकीकडे आणि काडतूस दुसरीकडे, अशी ही नवी विभागणी. या कंपन्यांनी नव्या रायफलीचं चकचकीत पत्रक काढण्याआधी अलिबाग आणि श्रीवर्धनच्या परवानाधारकाला भाद्रपद लागायच्या आत त्याची ठरलेली काडतुसं कशी पोचतील, हे पाहावं.